मूठभर बियाण्याचे अर्थशास्त्र

मृगाचे वेध लागले, की शेतकरी चाड्यावर मूठ धरण्याच्या तयारीला लागतो. अलीकडे याच सुमारास शहरातील मध्यमवर्गीय घरांतही एक निराळी लगबग दिसू लागते. दह्याचे रिकामे डबे, तळाला भोक पाडलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, जुन्या बादल्या आणि दुधाच्या पिशव्या गॅलरीत रांगेने मांडल्या जातात. टपालाने आलेली अथवा कृषिसेवा केंद्रातून आणलेली बियाण्यांची रंगीत पाकिटे टेबलावर पसरली जातात. टोमॅटो, मिरची, वांगी, दोडका, झेंडू, गोकर्ण या सर्वांना तीन फूट रुंदीच्या त्या गॅलरीत एकाच वेळी जन्म द्यावयाचा असतो. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या अनेकांना हा छंद जडला. टाळेबंदी उठली, छंद मात्र राहिला.

या छंदाकडे कौतुकमिश्रित उपहासाने पाहण्याची रीत आहे. रोपवाटिकेत थोडक्या पैशांत तयार रोप मिळत असताना बी पेरून महिनाभर त्याची उस्तवार करण्यात कोणते शहाणपण, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. परंतु त्याचे उत्तर शोधू लागल्यास आपण गॅलरीच्या कठड्यापाशी थांबत नाही. बियाण्याची किंमत, त्याची मालकी आणि त्यातील जोखीम या प्रश्नांपर्यंत, म्हणजे या राज्यातील शेतीच्या मुळाशीच, येऊन पोहोचतो.

रुजण्याचा आनंद

बी रुजताना पाहण्याचा आनंद ही काही पाश्चात्त्य नवलाई नव्हे. घटस्थापनेच्या दिवशी मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याची वाढ पाहणारा आणि दसऱ्याला ते कोवळे तुरे टोपीत खोवणारा हा समाज आहे. रब्बीच्या पेरणीपूर्वी घरातील धान्याची उगवणशक्ती तपासण्याचीच ही रीत असावी, असे अनेक जण मानतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील हे कोंब पिवळसर आणि लांबट का होतात, हे विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावे, इतके ते सोपे उदाहरण आहे. प्रकाश मिळेना, की रोप आपला साठा हिरवेपणावर खर्च न करता उंचीवर खर्च करते.

प्रत्येक बियाण्याचा स्वभाव निराळा असतो. भेंडी चार-सहा दिवसांत डोके वर काढते. टोमॅटो आठवडाभर घेतो. मिरची दोन आठवडेही अंत पाहते. आपण ज्याला धणा म्हणतो ते वस्तुतः एक फळ असून त्यात दोन बिया असतात. म्हणून धणे हलकेच रगडून दुभंगावे लागतात. पपईच्या बीवरील बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढले नाही, तर ते रुजायला फार वेळ लावते. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पेरावे, असा साधा नियम आहे. उत्साहाच्या भरात तो मोडला, की बारीक बी मातीखालीच गुदमरते. ही सारी माहिती पुस्तकात असते. परंतु हाताने केलेल्या चुकीनंतर ती जशी कळते, तशी एरवी कळत नाही.

या आनंदात एक शिस्तही आहे. तयार रोप विकत घेणारा परिणाम विकत घेतो. बी पेरणारा काळ विकत घेतो. मधले दिवस त्याला घाई करता येत नाही, पैसे टाकून टाळता येत नाहीत. सर्व वस्तू दाराशी तत्काळ आणून देणाऱ्या आजच्या बाजारात, ज्याची वाट पाहावीच लागते, अशी ही एक वस्तू शिल्लक आहे.

स्वस्ताईचा भुलावा

आता दुसरी बाजू. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या सुमारे ३०० बिया भरतात. पेटुनियासारख्या फुलझाडाच्या तर १०,००० च्या घरात. घरगुती पाकिटात यांचा लहानसा अंशच असतो; तरी चहाच्या दोन पेल्यांच्या किमतीत वीस-पंचवीस रोपांची शक्यता हाती येते. मोह होतो तो येथेच. बी स्वस्त असते. पण बी ही या व्यवहारातील सर्वांत लहान रक्कम असते. त्यामागून कुंड्या येतात, माती येते, नारळाच्या काथ्याचा भुसा येतो, गांडूळखत येते, निंबोळी पेंड येते. त्याहून महाग असते ती जागा, आणि शहरात सर्वांत दुर्मिळ असते ते ऊन. फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास ऊन लागते. ज्या गॅलरीत सकाळचे जेमतेम दोन तास ऊन येते, तेथे टोमॅटोच्या पाच जाती पेरणे म्हणजे पगार एकाचा आणि पंगत पन्नासांची, असा प्रकार होतो.

पाकीट विकत घेताना माणूस बी घेत नाही, पाकिटावरील चित्र घेतो. त्या चित्रातील तांबड्याबुंद फळांनी लगडलेले झाड आपल्याच घरी उभे राहणार, या कल्पनेचे ते मूल्य असते. म्हणूनच मागील वर्षीची सात पाकिटे खणात पडून असतानाही नवी सात येतात. खणातील पाकिटांचे काय होते? बियाणे हे सोने नव्हे की पडून राहिले तरी मोल टिकावे. कांद्याचे बी साधारण वर्षभरात आपली उगवणशक्ती गमावू लागते. उष्ण आणि दमट हवेत तर त्याहूनही लवकर. उलट अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बियांनी भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. त्यांपैकी एक २०२१ मध्ये उकरली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही त्यातील काही बिया रुजल्या. पण त्या होत्या रानटी तणाच्या. माणसाने लाडावलेल्या भाज्यांच्या बियांना एवढे आयुष्य क्वचितच लाभते.

या हौसेत आणखी एक भर पडली आहे ती परक्या सल्ल्याची. थंड देशांत हिमतुषाराच्या भयाने रोपे घरातच तयार करावी लागतात; त्यासाठी विजेचे दिवे, कुंडीखाली ठेवायच्या उबदार चटया, काचेची झाकणे अशी सामग्री तेथे आवश्यक ठरते. ती येथेही विकली जाते आणि विकतही घेतली जाते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत रोपांचे वैरी निराळे आहेत: एप्रिलचे ऊन, जुलैची झड, मुंग्या, कबुतरे आणि अतिप्रेमाने घातलेले पाणी. सतत ओल्या मातीत बुरशी माजून कोवळी रोपे बुंध्याशी कोलमडतात. या रोगाला बळी पडलेल्या रोपांचा मालक बहुधा निष्काळजी नसतो, अतिदक्ष असतो.

विरळणीचे धैर्य

अतिरेकाचा खरा क्षण पेरणीत नसून त्यानंतरच्या पंधरवड्यात असतो. एका वाटीत चिमूटभर बी टाकलेले असते. त्यातून तीस रोपे उभी राहतात. जागा दोघांचीच असते. शेतकरी अशा वेळी विरळणी करतो. अशक्त रोपे उपटून सशक्त रोपांना वाव देतो. शहरी हौशी माणसाचा हात मात्र थबकतो. जिवंत रोप उपटणे त्याला पाप वाटते. मग तीसही रोपे त्याच वाटीत एकमेकांच्या उरावर वाढतात, सर्वच खुरटतात आणि अखेरीस कोणालाच फळ धरत नाही. माल्थसने १७९८ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात लोकसंख्या आणि अन्न यांच्या विषम वाढीची मांडणी केली. मानवसमाजाविषयीचे त्याचे भाकीत पुढे जसेच्या तसे खरे ठरले नाही. पण दह्याच्या डब्यात ते दरवर्षी खरे ठरते.

पहिल्या रोपाचे मोल तिसाव्या रोपाला नसते, हा घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवला जातो. तो पाठ असलेला माणूसही तिसावे रोप फेकून देऊ शकत नाही, कारण त्यात त्याचे श्रम गुंतलेले असतात. गेलेला खर्च पुढील निर्णयात धरू नये, हे शास्त्र. आणि गेलेल्या खर्चापायीच माणसे बुडीत योजना चालवीत राहतात, हा व्यवहार. शासनाच्या अर्धवट धरणांपासून गॅलरीतील खुरट्या वांग्यांपर्यंत हा व्यवहार सारखाच आहे.

उरलेली रोपे वाटून टाकणे हा त्यावरचा सुसंस्कृत उपाय होय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी रोपांचे वाण देण्याची पद्धत काही घरांत रुजली आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र तिलाही मर्यादा असावी. सोसायटीतील शेजारी जिन्यात दिसताच वाट बदलू लागले, की दानशूराने आपले औदार्य आवरते घ्यावे, हे बरे. गच्चीत झिरपणारे पाणी आणि उन्हाळ्यात टँकरने आणलेल्या पाण्यावर पोसलेल्या पन्नास कुंड्या हा तर शेजारधर्माचाच प्रश्न होतो.

टोमॅटोने शिकवलेला धडा

असे असूनही हा छंद निरर्थक ठरत नाही, कारण त्यातील अपयशेदेखील शिकवून जातात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली. कित्येक शहरांत भाव त्याहूनही बराच वर गेला. त्या धास्तीने अनेकांनी घरी टोमॅटो पेरला. पेरणीपासून फळ हाती येण्यास अडीच-तीन महिने लागतात. सप्टेंबर उजाडला तोवर बाजारात आवक एवढी वाढली, की भाव कोसळून उत्पादकांना माल फेकून द्यावा लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गॅलरीतील पहिले फळ पिकले ते बाजारात टोमॅटो मातीमोल झाल्यानंतर.

आजचा भाव पाहून पेरायचे आणि उद्याच्या भावाने विकायचे, या विलंबातून निर्माण होणाऱ्या चढउतारांना अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली जाते. निकोलस कॅल्डॉर यांनी १९३४ मध्ये ती रूढ केली. गॅलरीतील बागाईतदाराच्या दृष्टीने हा एक विनोद असतो. त्याचे चार डबे आणि थोडी माती एवढेच पणाला लागलेले असते. नारायणगावच्या वा नाशिकच्या टोमॅटो उत्पादकाचे मात्र वर्ष पणाला लागलेले असते. भाव चढला की ओरड करणाऱ्या आणि पडला की गप्प बसणाऱ्या शहरी ग्राहकाला हा फरक अग्रलेख वाचून जेवढा कळला नसेल, तेवढा एका पिकलेल्या घरच्या टोमॅटोने कळू शकेल.

बी कोणाचे?

दुसरा धडा याहून मोलाचा आहे. पाकिटातील संकरित बियाण्यापासून उत्तम फळ येते. त्या फळातील बी पुढील वर्षी पेरले, तर मात्र मूळ वाणाचे गुण विखुरतात. कोणते झाड बुटके, कोणते उंच. कोणते फळ गोल, कोणते लांबट. म्हणजे पुन्हा पाकीट आणणे आले. यात कोणाचे कारस्थान नाही. संकराच्या पहिल्या पिढीचा तो अंगभूत धर्म आहे. पण या धर्माचा आर्थिक परिणाम मोठा झाला. जे बी शेतकरी स्वतःच्या कणगीतून काढीत असे, ते दरवर्षी विकत घेण्याची वस्तू बनले.

या परिवर्तनाला केवळ शिव्या देणे अन्यायाचे होईल. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९७६ मध्ये अकोल्याला मुख्यालय असलेले ‘महाबीज’ आणि जालन्यासारख्या ठिकाणी उभा राहिलेला खासगी बियाणे उद्योग यांनी या राज्याची शेती पालटली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना याच कार्यासाठी १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. वाढत्या लोकसंख्येला पुरेसे पिकवणे सुधारित बियाण्याशिवाय शक्य नव्हते, हे नाकारता येणार नाही.

परंतु लाभाच्या खात्यासमोर तोट्याचेही खाते असते. गावोगावचे वाल, घेवडे, दोडके, भोपळे यांचे असंख्य वाण या काळात मागे पडले. चुलीच्या धुरावर टांगलेले शिराळे, राखेत मिसळून मडक्यात ठेवलेले बी, शेणाने लिंपलेली कणगी हे ज्ञान बहुतांशी स्त्रियांच्या हाती होते आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नव्हती. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची घरगुती बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी म्हणून त्यांचे नाव देशाला कळले, तेव्हा या अनामिक ज्ञानाला प्रथमच एक चेहरा मिळाला. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकण्यास तेवढी मनाई आहे. कायद्याने हक्क दिला; पण जे बी कोणी राखलेच नाही, त्यावरील हक्काला अर्थ तो काय?

येथे शहरी हौशी माणूस काही करू शकतो. त्याने दहा जातींची पाकिटे घेण्याऐवजी एक सरळ वाण निवडावा. वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो ही पिके बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात. त्यांचे बी घरी राखणे सोपे आहे. भोपळा आणि काकडी यांच्यात मधमाश्या संकर घडवून आणतात, म्हणून त्यांचे शुद्ध बी राखणे कठीण. शेंग झाडावरच वाळू द्यावी. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवावे, सावलीत सुकवावे. ज्याने एक पिढी बी राखले, तो केवळ ग्राहक उरत नाही.

वर्गातील उगवण चाचणी

बी विकत घेणाऱ्याचे भवितव्य बी विकणाऱ्याच्या हाती असते, याचा कटू अनुभव २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भाने घेतला. सोयाबीन पेरले, पण ते उगवलेच नाही, अशा तक्रारी हजारोंनी आल्या. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातील अवकाळी पावसाने बियाण्याचे पीकच भिजले होते, हे त्याचे एक मोठे कारण होते. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. मळणीचे यंत्र, पोत्यांची आदळआपट आणि ओल यांनी त्याची उगवणशक्ती चटकन घटते. १९६६ च्या बियाणे कायद्याने पिशवीवर उगवणीचे प्रमाण छापणे बंधनकारक केले. सोयाबीनसाठी किमान प्रमाण ७० टक्के आहे. पण छापील आकडा शेतात उगवत नाही. दुबार पेरणी म्हणजे बी, खत, मजुरी आणि त्याहून मोलाचा पावसाळ्याचा पंधरवडा, या सर्वांचे दुसऱ्यांदा देणे.

यावरचा प्राथमिक उपाय जवळजवळ फुकटचा आहे. १०० दाणे ओल्या गोणपाटात रांगेने मांडून गुंडाळावेत, ओल राखावी आणि आठवड्याने अंकुर मोजावेत. सत्तर वा अधिक रुजले तर बी पेरण्याजोगे. कमी रुजले तर त्या मानाने बियाणे वाढवावे, फारच कमी रुजले तर बदलावे. कृषी विभाग हे दरवर्षी सांगतो. सांगणारे आहेत, ऐकणारे आहेत. करून दाखवणारे हात कमी आहेत. ग्रामीण आणि निमशहरी भागांतील शाळा-महाविद्यालयांनी उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी आपापल्या परिसरातील शेतकऱ्यांच्या घरच्या बियाण्याची अशी चाचणी करून द्यावी. विद्यार्थ्यांनी दाणे मोजावेत, टक्केवारी काढावी, तक्ता फलकावर लावावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ते झाडण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे उपयुक्त ठरेल. शिकवलेल्या शेकडेवारीचा एवढा सार्थ उपयोग दुसरा सापडणे कठीण.

गॅलरीतील छंद आणि शिवारातील पेरणी यांच्यातील अंतर मोठे आहे, आणि ते पुसून टाकण्याचा आव कोणी आणू नये. चार कुंड्या पिकवणारा माणूस शेतकरी होत नाही. पण बी रुजेल की नाही, या अनिश्चिततेत ज्याने दहा रात्री काढल्या, रुजलेले कोलमडताना पाहिले आणि उरलेल्यातून दोन रोपे निवडण्याचे कठोर कर्तव्य पार पाडले, त्याला ‘दुबार पेरणीचे संकट’ हा वर्तमानपत्रातील मथळा केवळ मथळा राहत नाही. एवढी जाण ज्या छंदातून येते, त्याचे थोडे अतिरेक समाजाने सोसायला हरकत नाही. अट एकच: खणातील जुनी पाकिटे संपल्याखेरीज नवी आणू नयेत, आणि जे पिकेल त्यातील मूठभर पुढच्या मृगासाठी राखून ठेवावे.